आधी नळ बघा, मग इस्त्री

वाफेची इस्त्री घ्यायला दुकानात शिरलं की तीन गोष्टी कानावर पडतात. तळाला छिद्रं किती, मिनिटाला वाफ किती ग्रॅम आणि आजच्या दिवसापुरती सूट किती. तुमच्या घरी पाणी कुठलं येतं, हे कोणी विचारत नाही. हुबळीच्या कोप्पीकर रोडवर विचारत नाहीत, धारवाडच्या सुभाष रोडवर विचारत नाहीत, आणि मोबाईलवरून मागवली तर विचारायला समोर माणूसच नसतो. जुळ्या शहरांत हा प्रश्न पहिला यायला हवा. इथे वाफेच्या इस्त्रीचं आयुष्य वायरीपेक्षा पाणी ठरवतं.

इस्त्रीच्या पोटात काय घडतं ते बघा. टाकीतलं पाणी एका बारीक झडपेतून थेंबाथेंबाने तापलेल्या कप्प्यात पडतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती तळाच्या छिद्रांतून कपड्यात शिरते. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात आणि उष्णतेने त्यांचा पांढरा, टणक थर धरतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर ते पाणी स्वीकारार्ह. असं पाणी आठवड्याला पाव लिटर वापरलं तर वर्षाला तेरा लिटर होतं, आणि साडेसहा ग्रॅम क्षार इस्त्रीच्या पोटात उतरतात. त्यातले काही पांढऱ्या कणांच्या रूपाने तुमच्या गडद शर्टावर येतात, बाकीचे छिद्रं बुजवतात. पिण्याला चालणारं पाणी इस्त्रीला चालेलच असं नाही.

हुबळी-धारवाडचा नळ तसा बरा आहे. खानापुराकडच्या कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा, तिच्यावर सौंदत्तीजवळ नविलतीर्थाचं धरण, तिथून येणारं नदीचं पाणी. हुबळीला जोडीला जुना नीरसागर तलाव. नदीचं पाणी बोअरच्या मानाने हलकं असतं. अडचण अशी की अनेक वस्त्यांत नळ रोज येत नाही. दोन नळांच्या मधले दिवस बोअरवर काढावे लागतात, आणि अपार्टमेंटच्या गच्चीवरच्या टाकीत दोन्ही पाणी एक होतं. न्हाणीघरात साबणाला फेस येत नसेल, तांब्याच्या तोंडाशी पांढरी रेघ धरत असेल, तर ते पाणी वाफेच्या इस्त्रीत घालू नका. फिल्टरची सर्व्हिस करायला येणाऱ्या मुलाच्या पिशवीत पाणी मोजायचं छोटं यंत्र असतं. पुढच्या वेळी तो आला की नळाचं, टाकीचं आणि फिल्टरचं, तिन्ही पाणी मोजून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा ते तीन आकडे जास्त सांगतात.

घरातलं आरओ फिल्टरचं पाणी बहुतेक वेळा चालतं. इस्त्रीसोबतच्या पुस्तिकेत कंपनीने काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. काही कंपन्या नळाचं पाणी आणि क्षार काढलेलं पाणी निम्मं-निम्मं मिसळायला सांगतात. पण टाकीत खळ घालायची नाही, अत्तर घालायचं नाही, कपड्याला सुवास यावा म्हणून गुलाबपाणीही नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण एसीच्या आतली धूळ ते सोबत घेऊन येतं. तेही नको. आणि काम संपलं की उरलेलं पाणी इस्त्री गरम आहे तोवर ओतून टाका. टाकी भरलेली ठेवून इस्त्री कपाटात उभी करण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घराने वाफेच्या इस्त्रीवर पैसे खर्च करू नयेत. हे मी गंभीरपणे सांगतो आहे.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे येऊ. खोक्यावर ‘३५ ग्रॅम प्रति मिनिट’ असं ठळक छापलेलं असेल, तर शेजारी वॅट किती लिहिलेत ते बघा. एक ग्रॅम पाणी साध्या तापमानापासून उकळून त्याची वाफ करायला साधारण २,६०० ज्यूल उष्णता लागते. १,२५० वॅटची इस्त्री मिनिटाला ७५,००० ज्यूल देते. भागाकार केला तर २९ ग्रॅमच्या आत-बाहेर येतं. तेही सगळी उष्णता वाफेतच गेली आणि कापड तापवायला काहीच उरलं नाही असं धरून. प्रत्यक्षात कापडही तापवायचं असतं, तळही गरम राहायला हवा. म्हणजे एवढ्या वॅटमध्ये सलग पंचवीस ग्रॅमही अवघड. बटण दाबल्यावर क्षणभर जो जोरदार फवारा येतो तो तळात साठलेल्या उष्णतेचा असतो, सलग वाफेचा नव्हे. दुकानात उभ्या उभ्या करता येईल असा हिशेब सांगतो: वॅटच्या आकड्याला ४३ ने भागा. येईल त्याहून जास्त ग्रॅमची सलग वाफ ती इस्त्री देऊ शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. १,४०० वॅटला ३२, २,००० वॅटला ४६. विक्रेत्यासमोर हा भागाकार करा. बोलण्याचा सूर बदलतो.

मग जास्त वॅटचीच घ्यावी का? त्याआधी भिंतीवरचा पॉइंट बघा. आपल्याकडचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो १,३८० वॅटपर्यंतच पेलतो. दोन हजार वॅटची इस्त्री जाड पिनेची येते, तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. जुन्या घरांत असा पॉइंट न्हाणीघरात गिझरला आणि स्वयंपाकघरात मिक्सर-ओव्हनला दिलेला असतो. जिथे पलंगावर जाड चादर अंथरून इस्त्री करतात त्या खोलीत तो नसतो. मग कोणीतरी बाजारातून जाड पिनेला बारीक करणारा अडॅप्टर आणतं, त्याला एक्स्टेन्शनची दोरी जोडतं, आणि काही दिवसांत सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडायला लागतं. आगीला एवढं पुरतं. खोलीत पॉवर पॉइंट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. वाफेच्या इस्त्रीत पाणी आणि वीज एकाच मुठीत असतात. तिसरी पिन कापून दोन पिनांवर वस्तू चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

विजेच्या बिलाची भीती मात्र अनाठायी आहे. १,२५० वॅटची इस्त्री अर्धा तास अखंड तापत राहिली तरी पाऊण युनिटही होत नाही. शिवाय तापमान गाठलं की ती आपोआप बंद-चालू होत राहते. हेस्कॉमच्या बिलात इस्त्री हा मोठा खर्च नाही.

खरा विचार करायचा तो कपाटाचा. आपलं कपाट पुण्या-मुंबईच्या कपाटासारखं नाही. मराठी घर असलं तरी धारवाड भागात राहिल्यावर इरकल असतंच, आईचं किंवा सासूबाईंचं. अंग सुती, पदर रेशमाचा किंवा हल्ली कृत्रिम रेशमाचा. एकाच लुगड्यात दोन तापमानं. सुताला तीन ठिपक्यांचं, म्हणजे २०० अंशांच्या आसपासचं तापमान सोसतं. रेशमाला दोन ठिपके, १५० अंश, तेही वरून पातळ सुती फडकं घालून. अंगाला लावलेली चकती तशीच ठेवून पदरावर गेलात तर पदर गेला. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी पदर, काठ, मग चकती वाढवून अंग. इस्त्री तापायला वेळ लागत नाही, निवायला लागतो. हा क्रम लहानपणापासून हाताला लागलेल्या बायका आपल्याकडे आहेत. त्यांनी तो मुलांनाही शिकवावा, मुलींनाच नव्हे.

गुळेदगुड्डच्या खणाचं तसंच. जुना खण सूत-रेशमाचा, आता त्यात कृत्रिम धागाही येतो. परकर-पोलकं शिवायचा खण घरी आणला की कापडाच्या कोपऱ्यावर सौम्य तापमानात आधी फिरवून बघा. आणि कसुती! धारवाडच्या या भरतकामावर सरळ बाजूने गरम इस्त्री दाबणं हा त्या हातांचा अपमान आहे. मोजून घातलेले ते टाके दबून सपाट होतात, आणि गडद चंद्रकळेवर चकाकीचा डाग उठतो तो कायमचा. जाड टर्किश टॉवेल अंथरा, भरतकाम पालथं घाला, मागून हलकेच फिरवा. वाफेची इस्त्री असेल तर ती कापडापासून बोटभर वर धरून वाफ सोडा आणि निवेपर्यंत हात लावू नका. वाफेच्या इस्त्रीचा पुरेपूर उपयोग मला दिसतो तो इथे, कसुतीवर, लोकरीच्या कोटावर, टांगलेल्या ब्लेझरवर. ही कामं साधी इस्त्री नीट करू शकत नाही.

उलट खादी. हुबळीच्या बेंगेरीत कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ राष्ट्रध्वज तयार करतो, आणि ध्वजाच्या खादीसाठी धारवाड तालुक्यातलं गरग गाव ओळखलं जातं. खादी आपल्या अंगणातली आहे. अशा जाड सुताची सुरकुती मोडायला दोन गोष्टी लागतात: धाग्याच्या आत गेलेला ओलावा आणि वरून दाब. सुताच्या तंतूंमध्ये जे बारीक बंध असतात ते पाण्याने सैल होतात, उष्णतेने तंतू सरळ बसतात आणि कोरडं होताना नवे बंध त्याच जागी धरतात. वाफ क्षणभर कापडावरून जाते, जाड खादीच्या गाभ्यापर्यंत तिचा ओलावा नीट पोचत नाही. म्हणून परीट आधी पाणी शिंपडतो, कपडा घट्ट गुंडाळून ठेवतो, आणि मग वजनदार इस्त्री फिरवतो. त्याच्या कोळशाच्या इस्त्रीचं पितळ-लोखंडाचं वजन हेच तिचं अर्धं काम. आपण बाजारात गेलो की हलकी इस्त्री शोधतो, आणि खादीचा कुर्ता कडक होत नाही म्हणून कुरकुरतो. हलक्या इस्त्रीला दाब हाताने द्यावा लागतो, आणि दहा कपड्यांनंतर मनगट बोलायला लागतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. घरात खादी आणि जाड सुती कपडे जास्त असतील तर वाफेची इस्त्री घेऊच नका. पावणेदोन-दोन किलोची, जड तळाची साधी विजेची इस्त्री घ्या आणि सोबत पाणी फवारायची बाटली. ती तुलनेने स्वस्त, तिच्यात क्षार साठायला जागा नाही, बिघडलीच तर गल्लीतला मेकॅनिकही थर्मोस्टॅट बदलून देतो. शाळेचे गणवेश आणि ऑफिसचे पॉलिस्टर मिसळलेले शर्ट हाच रोजचा ढीग असेल, तर त्यांना दीड-दोन ठिपक्यांचं तापमान पुरतं आणि साधी इस्त्रीच जास्त सोयीची. कमी तापमानात वाफेचा खटका चालू ठेवला तर पाण्याची वाफ होतच नाही, छिद्रांतून थेंब गळतात आणि शर्टावर ओले डाग पडतात. लोक याला इस्त्रीचा दोष समजतात. बऱ्याचदा तो चकतीचा असतो. ज्या मॉडेलमध्ये थेंब रोखायची सोय आहे, ती कमी तापमानाला झडप बंद करते. वाफेची घ्यायची तर ती सोय हवीच.

वाफेची कोणी घ्यावी? ज्यांच्या घरी रेशमी साड्या, कसुती, लिनन, सलवार-कमीजचे चुरगळणारे पातळ कपडे, कोट-ब्लेझर हे सगळं आहे, फिल्टरचं पाणी आहे आणि खोलीत योग्य पॉइंट आहे, त्यांनी जरूर घ्यावी. तळ सिरॅमिकचा की स्टीलचा की नॉनस्टिकचा, यावर फार वेळ घालवू नका. नॉनस्टिक थर बटणाने, झिपने ओरखडला की कपडा अडकायला लागतो, स्टीलला ती भीती कमी. एवढं पुरे. छिद्रं मोजण्यापेक्षा तळाचं टोक बघा. ते बटणांच्या मधून आणि कॉलरच्या कोपऱ्यात शिरतं का, हे हातात धरूनच कळतं. टाकी पाण्याने भरून उचलून बघू द्या म्हणून दुकानदाराला सांगा. पाव लिटर पाणी म्हणजे पाव किलो वजन वाढलं. दोरी कापडी विणीची, मुळाशी चहूबाजूंनी फिरणारी आणि निदान पावणेदोन मीटर लांब असावी. विसरून तशीच ठेवली तर आपोआप बंद होणारी इस्त्री मिळत असेल आणि घरात लहान मूल किंवा एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर त्या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजा. बाकी सगळ्या सोयींवर घासाघीस करा, हिच्यावर करू नका.

क्षार स्वच्छ करायची सोय, खोक्यावर तिला सेल्फ क्लीन किंवा तत्सम काही नाव दिलेलं असतं, ती असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या वेळेला वापरा. ती बटणावर नुसती शोभेला राहिली तर तिचे पैसे वाया. टाकीत व्हिनेगर किंवा लिंबू ओतायचा घरगुती उपाय पुस्तिकेत लिहिलेला नसेल तर करू नका. आतली रबराची वॉशरं आणि धातू त्याने खराब होऊ शकतात, आणि वॉरंटीच्या वेळी तोच मुद्दा तुमच्यावर उलटतो.

उभ्या बाटलीसारखा हातात धरायचा स्टीमर हल्ली फार खपतो. टांगलेल्या साडीची हलकी सुरकुती तो काढतो. पॅंटची घडी तो घालू शकत नाही, कॉलर कडक करू शकत नाही. इस्त्रीच्या जागी तो घेऊ नका.

धारवाडचा पाऊस हा आणखी एक विषय. जुलैची झड लागली की कपडे चार-चार दिवस दोरीवर लोंबत असतात, आणि शेवटी त्यांना इस्त्रीने वाळवायचा मोह होतो. ओलसर कपड्याला इस्त्री चांगली बसते, ओला कपडा इस्त्रीने वाळत नाही. वरून कडक, आतून दमट राहतो आणि घडीत कुबट वास धरतो. आधी पंख्याखाली वाळवा, थोडा ओलावा उरला की इस्त्री फिरवा.

शेवटची गोष्ट दर्जाची. राष्ट्रध्वजाचं मानक हे देशाचं पहिलंच भारतीय मानक, आयएस १, सन १९५१ चं. बेंगेरीत ध्वजाचं कापड, रंग, शिलाई, सगळं त्या मानकावर तपासलं जातं आणि जे उतरत नाही ते बाद होतं. त्याच गावात आपण विजेची इस्त्री खोकं न उघडता घेतो. विजेच्या इस्त्रीवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तो मार्क आणि त्याच्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक इस्त्रीवर छापलेला असतो. बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कुठल्या वस्तूसाठी, चालू आहे की नाही, हे तिथल्या तिथे दिसतं. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर खोकं परत द्या, किंमत कितीही कमी असो.

आणि पैसे देण्याआधी एक फोन करा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर हुबळीत किंवा धारवाडात आहे का, या मॉडेलची झडप आणि थर्मोस्टॅट त्यांच्याकडे मिळतात का, की वस्तू बेळगाव-बंगळूरला पाठवावी लागते, हे त्यांच्याच तोंडून ऐका. दोन वर्षांची वॉरंटी आणि गावात दुरुस्तीची सोय नाही, यापेक्षा एक वर्षाची वॉरंटी आणि केशवापुरात किंवा विद्यानगरात उघडं असलेलं सेंटर कधीही बरं. पक्की पावती घ्या, तिच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घ्या. वॉरंटीत दुरुस्ती नाकारली तर भांडत बसू नका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.